अस्वलाची परतवाट : नागझिरा ते बोर्निओ

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अन्नपानविधी अध्यायात मांसवर्गाचे विवेचन आहे. तेथे ऋक्ष हा प्राणी प्रसह गणात, म्हणजे भक्ष्य बळाने ओढून खाणाऱ्यांच्या पंक्तीत, सिंह, द्वीपी व वानर यांच्यासमवेत बसविलेला आढळतो. सुश्रुताचार्यांनी त्याच ऋक्षाची गणना गुहाशयांत केली. या दोहोंपैकी कोणती गणना अधिक यथार्थ, असे तिरोडा तालुक्यातील जंगलकाठच्या एखाद्या वृद्धास विचारले, तर तो बहुधा सुश्रुतांच्या बाजूने कौल देईल. कारण त्याने पाहिलेले अस्वल कोणाचे भक्ष्य हिसकावीत नाही. ते दिवसा खडकांच्या कपारीत पडून राहते आणि अंधारू लागले की वारुळे उकरण्यास बाहेर पडते.

चरकसंहितेतच ऋक्षाचा आणखी एक उल्लेख आहे व तो आपल्यापैकी अनेकांना अडचणीचा वाटतो. राजयक्ष्म्याच्या चिकित्सेत मांसवृद्धीसाठी सिंह, ऋक्ष, तरक्षु, व्याघ्र अशा मांसभक्षकांचे मांस रुग्णास हरिणाचे म्हणून द्यावे, असे तेथे सांगितले आहे. हा उल्लेख झाकून ठेवण्याचे कारण नाही. अरण्य अमर्याद व मनुष्यवस्ती तुरळक असतानाचे ते वचन आहे. आज एकही वैद्य व्याघ्रमांस लिहून देत नाही, कायद्याने देऊही शकत नाही. परंतु अस्वल आणि राजयक्ष्मा यांची गाठ आपल्या काळात पुन्हा पडली, आणि ती अगदी उलट्या बाजूने. ती हकीकत पुढे येईलच.

वैद्यकाच्या त्रैमासिकात अस्वलाचे प्रयोजन काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. प्रयोजन आहे, आणि ते आपल्या औषधी भांडाराच्या दारापासूनच सुरू होते. ज्या वनातून आपला बहावा, बेल, धायटी व मोह येतो, त्याच वनात अस्वल राहते. त्याच्या अवयवांचा चोरटा व्यापार औषधाच्या नावाने चालतो. आणि त्याने फाडलेला मनुष्य खेड्यात सर्वांत आधी आपल्याच ओट्यावर आणला जातो.

नागझिऱ्याच्या सावलीत

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. तिरोडा हे त्यातील वैनगंगेच्या खोऱ्यातले तालुक्याचे गाव. मुंबई-हावडा लोहमार्गावरील स्थानक, धानाची शेती, विडीचा जुना धंदा आणि अलीकडचा मोठा औष्णिक वीज प्रकल्प ही त्याची बाहेरच्यांना असलेली ओळख होय. गावाच्या दक्षिणेस मात्र चोरखमारा व बोदलकसा या तलावांचा प्रदेश लागतो आणि त्यापुढे नागझिऱ्याचे अरण्य. १९७० साली ते अभयारण्य झाले. डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव, नागझिरा, कोका आदी संरक्षित क्षेत्रे मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. साग, ऐन, बीजा, मोह, तेंदू, बहावा यांचे हे पानझडीचे वन. मंगेझरी व चोरखमारा ही त्याची तिरोड्याकडील प्रवेशद्वारे. पर्यटक तेथे वाघासाठी येतो. गावकऱ्याच्या मनात मात्र अधिक धास्ती अस्वलाची असते.

ही धास्ती अकारण नाही. वाघ माणसाची चाहूल लागताच सहसा वाट सोडतो. अस्वलाचे घ्राण तीक्ष्ण असले, तरी दृष्टी मंद. शिवाय वारुळात तोंड खुपसून बसले म्हणजे त्याला भवतालचे भान राहत नाही. माणूस अगदी जवळ येईपर्यंत ते बेसावध असते, आणि दचकलेले अस्वल पळण्याऐवजी अंगावर येते. वाघाच्या शेजारात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या, झाडावर चढून जीव वाचविता न येणाऱ्या व पिले पाठीवर घेऊन हिंडणाऱ्या प्राण्याला ही सवय जडली असावी, असे अभ्यासक मानतात. क्रौर्य नव्हे, ती भीती आहे. पण तिचा आघात मनुष्याच्या तोंडावर व मस्तकावर होतो, हेही तितकेच खरे.

या प्राण्याच्या नावाचा इतिहास मोठा गमतीचा आहे. १७९१ मध्ये इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॉ यांनी त्याची लांब, वाकडी नखे पाहून त्याला दक्षिण अमेरिकेतील 'स्लॉथ' या सुस्त प्राण्याचा भाऊबंद ठरविले. दोनच वर्षांनी ती चूक दुरुस्त होऊन शास्त्रीय नाव पालटले, पण इंग्रजीत 'स्लॉथ बेअर' हे नाव आजही चिकटून आहे. वास्तविक त्याच्यात आळस नावालाही नाही. वरच्या जबड्यातील मधले दोन दात नसणे, पुढे काढता येणारे सैल ओठ, इच्छेनुसार मिटणाऱ्या नाकपुड्या, ही सारी रचना वाळवी फुंकून व ओढून खाण्यासाठी झालेली आहे. तो सुसाट आवाज रात्रीच्या शांततेत शंभर-दीडशे मीटरवरून ऐकू येतो.

वाळवी व मुंग्या यांखेरीज त्याचा आहार पाहिला, तर निघंटूतील एखादा वर्ग वाचीत आहोत असे वाटते. मधूकाची फुले, आरग्वधाच्या शेंगांतील मज्जा, जंबू, बदर, तिंदुक, उदुंबर व इतर क्षीरीवृक्षांची फळे, आणि अर्थातच मध. बहाव्याची पक्व शेंग फोडून मगज चाटणारे हे जनावर त्या वृक्षाचे बी कोसभर दूर नेऊन टाकते. काही वृक्षांचे बी अस्वलाच्या कोष्ठातून गेल्यावर अधिक चांगले रुजते, असे केरळातील अभ्यासात दिसून आले आहे. ज्या वृक्षांच्या फळांवर आपले मृदू विरेचन अवलंबून आहे, त्यांची पेरणी हा प्राणी कोणतेही वेतन न घेता करतो.

दरवेशी आणि ताईत

ज्यांचे बालपण १९८० पूर्वी खेड्यात गेले त्यांना दरवेशी आठवत असेल. खांद्यावर झोळी, हातात डमरू आणि दोरीने बांधलेले अस्वल. अंगणात खेळ झाला की घरातील लेकराला क्षणभर अस्वलाच्या पाठीवर बसवायचे, चार केस उपटून ताईतात भरून द्यायचे. म्हणजे दृष्ट, दचकणे व ताप दूर राहतो. मागील पिढीतील कित्येक सुशिक्षित घरांतही असे ताईत होते. त्या केसाने ताप उतरत असे काय, हा प्रश्न येथे विचारण्याचीही गरज नाही. विचारावयास हवा तो प्रश्न वेगळा : ते अस्वल दोरीला कसे आले?

मादी मारून तिची काही आठवड्यांची पिले उचलायची. तापलेल्या सळईने नाकाच्या हाडातून भोक पाडून त्यातून दोरी ओवायची. सुळे मोडायचे, नरांचे खच्चीकरण करायचे. बधिरीकरण कशाचे! नृत्य म्हणून जे दिसे, ते दोरीच्या वेदनेने उचललेले पाऊल होते. उत्तरेत हा व्यवसाय कलंदर समाजाकडे होता, आपल्याकडे दरवेश्यांकडे. दोन्ही समाज भटके व दरिद्री. त्यांना केवळ क्रूर म्हणून मोकळे होणे हा अन्याय ठरेल. पोटाला दुसरे साधन नव्हते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पकड बेकायदा ठरली तरी खेळ चालूच राहिले. १९९८ मध्ये केंद्र शासनाने अधिसूचना काढून अस्वल, माकड, वाघ, बिबट्या व सिंह यांच्या खेळांवर बंदी घातली. सर्कसचालकांनी तिला आव्हान दिले आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी कायम केली. पुढचे काम 'वाइल्डलाइफ एसओएस' या संस्थेने, कार्तिक सत्यनारायण व गीता शेषमणी यांच्या पुढाकाराने केले. आग्र्याजवळ उत्तर प्रदेश वनविभागाच्या साहाय्याने केंद्र उभारून डिसेंबर २००२ पासून अस्वले ताब्यात घेण्यास प्रारंभ झाला. अस्वल सोपविणाऱ्या कलंदरास दुसऱ्या धंद्यासाठी भांडवल, त्याच्या मुलांना शाळा अशी ती योजना होती. आमच्या मते तिच्या यशाचे मर्म यातच आहे. नुसत्या जप्तीने हे झाले नसते. २००९ च्या अखेरीपर्यंत सहाशेहून अधिक अस्वले दोरीतून मुक्त झाली.

आणि येथेच ती राजयक्ष्म्याची हकीकत येते. सोडविलेल्या अस्वलांपैकी अनेकांना क्षयाने ग्रासलेले होते. माणसाच्या झोपडीत, माणसाच्या उष्ट्यावर, माणसाच्या श्वासात वाढलेल्या वनचराला माणसाचा रोग मिळाला. ज्याचे मांस शोषाच्या रुग्णाला सांगितले गेले, तो ऋक्ष स्वतःच शोषाने झिजून मेला.

ही अस्वले वनात मात्र परत गेली नाहीत. सुळे नाहीत, नाक फाटलेले, कित्येक आंधळी, आणि आईकडून काहीही न शिकलेली. आग्रा, भोपाळ, बन्नेरघट्टा येथील कुंपणाच्या आत त्यांना आयुष्यभर सांभाळणे हाच दयेचा मार्ग होता. सुटका आणि पुनर्वसन यांत अंतर आहे. आणि पुनर्वसन म्हणजे वनात परत जाणे नव्हे. लोकांचा या तिन्ही शब्दांत नित्य गोंधळ होतो.

सात्म्य पालटण्याची विद्या

वनात परत पाठविण्याचे शास्त्र ज्यांनी खरोखर आचरून दाखविले, त्यांच्याकडे पाहण्यासाठी थोडे दूर जावे लागते. बोर्निओ बेटावरील मलेशियाच्या साबा राज्यात सेपिलोक येथे सूर्य-अस्वलांचे संगोपन केंद्र आहे. सूर्य-अस्वल हे जगातील सर्वांत लहान अस्वल. वजन पंचवीस ते पासष्ट किलो, आखूड काळी लव, छातीवर उगवत्या सूर्यासारखा पिवळसर डाग, आणि मधाच्या पोळ्यात घालण्यासाठी वीतभर लांब जीभ. मलायी लोक त्याला 'मधाचे अस्वल' म्हणतात. आपल्या देशातही अरुणाचल, नागालँड, मणिपूर, मिझोराम या भागांत ते तुरळक आढळते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. वनतोड, पाळण्याची हौस आणि पित्ताशयाचा व्यापार या त्रिदोषांनी त्याची संख्या घटत गेली.

वाँग स्यू ते या शास्त्रज्ञाने १९९० च्या दशकाच्या अखेरीस डॅनम खोऱ्यात या प्राण्याचा अभ्यास आरंभिला, तेव्हा वनातील फळांचा बहर चुकल्याने हाडे वर आलेली अस्वले त्याला दिसली. गावोगावी पिंजऱ्यांत ठेवलेली पिलेही दिसली. त्यातून २००८ मध्ये सेपिलोकचे केंद्र उभे राहिले व २०१४ पासून ते लोकांसाठी खुले झाले. २०१५ मध्ये तेथील नातली नावाची मादी ताबीन अभयारण्यात सोडण्यात आली. गळ्यात तिचा मार्ग कळविणारा पट्टा होता.

मधल्या काळात काय केले जाते, ते आपल्या परिभाषेत सांगणे सोपे आहे. पिंजऱ्यात वाढलेल्या पिलाला भात, फळे व माणसाचा हात हेच ओकसात्म्य झालेले असते. अहितकर सवय एकदम तोडू नये, ती पादांशिक क्रमाने सोडवावी आणि हितकर त्याच क्रमाने जोडावे, हा चरकांचा उपदेश आपण व्यसनी रुग्णाला रोज सांगतो. तेथे नेमके हेच चालते. सिमेंटच्या फरशीवर वाढलेले पिलू प्रथम मातीवर पाय ठेवण्यासच घाबरते. त्याला काही दिवस नुसती पिंजऱ्याची दारे उघडी ठेवून विजेच्या कुंपणाने वेढलेल्या वनखंडात येऊ देतात. ओंडक्यात मध व किडे दडवून ठेवतात म्हणजे ते नखे वापरू लागते. पुढे ते आपण होऊन वाळवी शोधते, झाडावर चढते, फांद्या मोडून वर घरट्यासारखे अंथरूण करते. ताटातील अन्न कमी होत जाते. शेवटी माणसाची भीती पुन्हा जागी व्हावी लागते, आणि हीच परीक्षा सर्वांत अवघड. ज्याची भीती परतत नाही, त्याला सोडीत नाहीत.

या शेवटच्या मुद्द्यावर दोन संप्रदाय आहेत. अरुणाचल प्रदेशात पक्के व्याघ्र प्रकल्पात २००२ पासून वनविभाग, 'वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया' व एक आंतरराष्ट्रीय प्राणिकल्याण संस्था मिळून हिमालयी काळ्या अस्वलांच्या अनाथ पिलांना वाढवितात. तेथे पालक पिलांसह रोज वनात हिंडतो, महिनोन्‌महिने छावणीत राहतो. आईची जागा तो घेतो आणि पिले दूरदूर जाऊ लागली की हळूहळू मागे सरतो. रशियात त्वेर प्रांतातील बुबोनित्सी येथे वालेंतिन पाझेत्नोव्ह यांनी याच्या नेमके विरुद्ध केले. त्यांच्या केंद्रात पिलांपुढे कोणी बोलत नाही, चेहरा व देहाची आकृती झाकून दूध दिले जाते, आणि दात येऊन ती स्वतः खाऊ लागली की माणूस दिसतच नाही. या रीतीने दोनशेहून अधिक तपकिरी अस्वले वनात परतली.

आपल्या अस्वलासाठी कोणती रीत योग्य? आमचा कल रशियन रीतीकडे आहे. पक्केच्या भोवती वन विस्तीर्ण आहे. नागझिऱ्याभोवती मात्र चहू बाजूंनी गावे. माणसाला मित्र समजणारे अस्वल मोहफुले वेचणाऱ्या बाईच्या जवळ निःशंक जाईल, आणि तिच्या किंकाळीने दचकले की पुढचे व्हायचे ते होईल. प्रेमाने वाढविलेले अस्वल हे येथे सर्वांत धोक्याचे अस्वल ठरू शकते.

तिरोड्याच्या बाजूला काय शक्य आहे

विदर्भात अनाथ झालेले पिलू बहुधा नागपूरच्या गोरेवाडा येथील बचाव केंद्रासारख्या ठिकाणी जाते आणि तेथेच म्हातारे होते. हेमलकसा येथे डॉ. प्रकाश आमटे यांच्या प्राणी-अनाथालयातही अस्वले वाढली. परंतु ती माणसांत रमलेली. सेपिलोकसारखा दीर्घ, खर्चिक शिक्षणक्रम अस्वलासाठी मध्य भारतात रुळलेला नाही. त्याच नागझिऱ्यात मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरी भागातून दोन वाघिणी आणून सोडल्या गेल्या, म्हणजे प्राणी आणून सोडणे व त्यावर पाळत ठेवणे ही विद्या वनविभागाला परकी नाही. पण वाघिणी वनातच वाढलेल्या होत्या. त्यांना शिकवावयाचे काही नव्हते.

म्हणून खरा उपाय एक पायरी अलीकडे आहे. पिलू अनाथ होऊच द्यायचे नाही. आपल्याकडे मादी हिवाळ्यात कपारीत विते, बहुधा दोन पिले होतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी ती त्यांना पाठीवर घेऊन बाहेर पडते. पुढे दीड-दोन वर्षे पिले तिच्याजवळच राहतात. लाकडे तोडताना वा वणव्यामुळे मादी बिचकून पळाली की पिले मागे राहतात. अशा वेळी ती 'सापडली' म्हणून घरी आणणे हीच मोठी हानी. मादी अंधार पडल्यावर त्याच जागी परत येते. पिले तेथेच राहू देऊन माणसांनी दूर व्हावे आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. उचलली गेली असल्यास त्याच दिवशी त्याच जागी सच्छिद्र पेटीतून ठेवून, दुरून पाळत ठेवून मादीची वाट पाहता येते. दिवस जितके लोटतात तितकी आशा क्षीण होते.

आणखी एक सूचना वैद्य म्हणून. अशा पिलाला लोक मायेने गाईचे दूध पाजतात. अस्वलीच्या दुधात स्नेहांश पुष्कळ व दुग्धशर्करा अत्यल्प असते. गोदुग्धाने पिलाला अतिसार होतो, आणि इतक्या लहान जिवाला तो आवरत नाही. एक-दोन तासांचा प्रश्न असेल तर काहीही न पाजता ऊब व अंधार देणे पुरेसे. औषधोपचाराच्या मोहात तर पडूच नये. ते पशुवैद्यकाचे व कायद्याने वनविभागाचे काम आहे.

दुसरा नित्याचा प्रसंग विहिरीचा. कठडा नसलेल्या शेतविहिरीत रात्री अस्वल पडते. सकाळी भोवती शंभर माणसे जमतात, आरोळ्या होतात, दगड पडतात. वास्तविक अस्वलाच्या नखांना एक भक्कम शिडी किंवा आडवेतिडवे बांधलेले ओंडके मिळाले आणि माणसे हटली, तर ते बहुधा आपले आपण वर येऊन जंगलाची वाट धरते. ही सर्वांत स्वस्त परतवाट होय. तीत अडचण एकच असते, ती म्हणजे गर्दी.

पित्ताचा बाजार

आता आपल्या घरची गोष्ट. अस्वलाचे पित्ताशय चोरट्या बाजारात विकले जाते, आणि ते विकणारा 'आयुर्वेदात सांगितले आहे' असे बेधडक सांगतो. रसशास्त्रातील पंचपित्तात वराह, छाग, महिष, मत्स्य व मयूर यांची पित्ते येतात. ऋक्षपित्त त्यात नाही. त्याची थोरवी गायिली आहे ती चिनी वैद्यकात, सातव्या शतकापासून. तेथून जपान, कोरिया, व्हिएतनाम येथे तिचा प्रसार झाला. १९८० च्या दशकापासून तर पिंजऱ्यात जखडलेल्या अस्वलांच्या पोटाला कायमचे छिद्र ठेवून पित्त काढण्याचे कारखानेच निघाले. बंदिवासातील अस्वलांत पित्तमार्गाचे अर्बुद आढळते, ही त्यातील आणखी एक क्रूर विसंगती.

त्या पित्तात गुण मुळीच नव्हता असे मात्र म्हणता येणार नाही. जपानी संशोधकांनी १९२७ मध्ये त्यातून एक पित्ताम्ल स्फटिकरूपाने वेगळे केले आणि १९५० च्या दशकात ते प्रयोगशाळेत तयार करण्याची रीत साधली. 'अर्सोडिऑक्सिकोलिक' या नावातील पहिली दोन अक्षरे अस्वलाच्या लॅटिन नावाची आहेत. यकृत व पित्ताश्मरीच्या काही रुग्णांना ते आधुनिक वैद्य लिहून देतात. तिरोड्यातील कोणत्याही औषधाच्या दुकानात त्याच्या गोळ्या मिळतात आणि त्यासाठी एकाही अस्वलाला हात लावावा लागत नाही. आपल्याकडे कटुकी, भूम्यामलकी, कालमेघ आहेतच. मग पित्ताशय कोणासाठी?

औषधी भांडाराच्या चालकांनी येथे काहीसे अधिक सावध असावे असे वाटते. फिरता जडीबुटीवाला गल्ल्यापाशी येऊन अस्वलाची नखे, केस, चरबी दाखवितो. बहुतेकदा तो माल बनावट असतो. हत्ताजोडी म्हणून मूळ सांगून घोरपडीचे अवयव विकले गेल्याची प्रकरणे देशभर उघडकीस आली आहेतच. बनावट नसेल तर ते अधिक वाईट. अस्वल पहिल्या अनुसूचीत आहे. त्याचा कोणताही अवयव बाळगणे वा विकणे हा अपराध असून शिक्षा तीन ते सात वर्षांची आहे. केसाच्या ताईताची रोगनिवारक म्हणून जाहिरात केल्यास १९५४ चा औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदाही लागू होतो, कारण ताईत, मंत्र व कवच यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे.

परंतु हा भाग सोपा आहे; कोणताही प्रामाणिक वैद्य ऋक्षपित्त विकत नाही. अवघड भाग आपल्या सचोटीच्या खरेदीत दडलेला आहे. धायटीची फुले आसवारिष्टांसाठी, मोह, बेल, बेहडा, बहाव्याचा मगज हे सारे आपण व्यापाऱ्याकडून घेतो, व्यापारी वेचणाऱ्याकडून. मोहफूल पहाटे गळते. लवकर पोचणाऱ्याला अधिक फुले मिळतात, म्हणून माणूस अंधारातच झाडाखाली वाकतो, आणि त्याच वेळी त्याच झाडाखाली अस्वलही आलेले असते. फुले दिसावीत म्हणून खालचा पाचोळा पेटविला जातो, त्यातून वणवा लागतो, कपारीतील पिलांची ताटातूट होते. एप्रिल-मे मध्ये तेंदूपानांचा हंगाम येतो व गर्दी वाढते. हा वेचण्याचा हक्क वनवासी बांधवांचा आहे, २००६ च्या वनहक्क कायद्याने तो मान्य झालेला आहे. त्याच्या आड येण्याचा विचारही आमच्या मनात नाही. पण मध्य प्रदेशात झाडाखाली जाळी बांधून फुले झेलण्याची रीत सुरू झाली आहे. फूल मातीला लागत नाही, जाळण्याची गरज उरत नाही, आणि ऊन वर आल्यावर सवडीने गोळा करता येते. असे स्वच्छ फूल आसवासाठी चांगले की राख-मातीत लोळलेले, हे निर्मात्यांना सांगणे नको. त्यासाठी किलोमागे चार पैसे अधिक देण्याची तयारी खरेदीदाराने दाखविली, तर जाळीचा खर्च निघतो. बहाव्याच्या बाबतीत झाड पूर्ण झोडपून न घेता वरच्या शेंगा राहू द्याव्यात, एवढेही व्यापाऱ्याला बजावता येते.

ओट्यावर आलेला रुग्ण

हल्ला झालेला मनुष्य प्रथम गावातील वैद्याकडे येतो. टाळू सोलून निघालेली, डोळा किंवा जबडा फाटलेला, असे दृश्य असते. अशा वेळी श्वासमार्ग मोकळा ठेवणे व दाबून रक्त थांबविणे हे आधी. लोंबणारी त्वचा कापून टाकू नये. ती जागेवर ठेवून स्वच्छ ओल्या कापडाने झाकावी, पुढे शल्यचिकित्सकाला ती उपयोगी पडते. रक्तस्राव आवरला असेल तर वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे जखमा धुवाव्यात. हळद, चुना, बिब्बा, तंबाखू काहीही भरू नये.

वन्य प्राण्याचा त्वचा भेदणारा दंश अलर्कविषाच्या दृष्टीने सर्वांत गंभीर, म्हणजे तिसऱ्या श्रेणीत मोडतो. अस्वलाने चावले, कुत्र्याने नव्हे, म्हणून लस नको, असा समज अजूनही ऐकू येतो व तो प्राणघातक आहे. मुखावरील जखमेत विष मस्तिष्कात पोचण्याचे अंतर अल्प असते. त्यामुळे लसीबरोबर जखमेत भरावयाची प्रतिद्रव्याची मात्रा त्याच दिवशी मिळाली पाहिजे, धनुर्वाताचे इंजेक्शनही. टाके घालण्याची घाई स्थानिक पातळीवर करू नये. गोंदियास २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे किंवा नागपूरला रुग्ण त्वरित धाडावा.

पाठविताना चिठ्ठीवर हल्ल्याची वेळ, स्थळ, प्राण्याचे नाव व जखमांचे वर्णन लिहून द्यावे आणि वनरक्षकास लगेच कळवावयास सांगावे. अस्वलाच्या हल्ल्याबद्दल राज्य शासन अर्थसाहाय्य देते, पण त्यासाठी पंचनामा व वैद्यकीय नोंद लागते. हे साहाय्य वेळेवर पोचले म्हणजे जखमी माणसाच्या घरची मंडळी दुसऱ्या दिवशी कुऱ्हाडी घेऊन कपारी शोधीत फिरत नाहीत.